पाळक ओबरलिन व त्यांचा रस्ता

रस्ता बांधणें हें पाळकाचें काम आहे काय, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतून कधीं कधीं निघतो. त्याचें उत्तर योहान फ्रीड्रिख ओबरलिन यांच्या चरित्रांत सांपडतें, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देतों.

त्यांचा जन्म सन १७४० त स्ट्रासबुर्ग शहरीं झाला. सन १७६७ त ते फ्रान्सच्या पूर्वेकडील व्होज डोंगरांत वाल्डर्सबाख गांवीं पाळक होऊन आले. त्या प्रदेशाच्या जर्मन नांवाचा अर्थच पाषाणखोरें असा आहे. जमीन खडकाळ, लोक दरिद्री. बाहेर जावयाचें तर ब्रूश नदी पाण्यांतील दगडांवर पाय देत ओलांडावी लागे. पूर आला कीं वाट बंद. पिकलेलें धान्य बाजारीं नेतां येईना, आणि शेतीचें अवजार मोडलें तर दुसरें मिळेना.

ओबरलिन यांनीं लोकांस एकत्र करून सुचविलें कीं, खडक फोडून नदीकांठानें सुमारें दीड मैल रस्ता करावा व रोथाऊ गांवाजवळ पूल बांधावा, म्हणजे स्ट्रासबुर्गची वाट खुली होईल. लोकांस हें अशक्य वाटलें. प्रत्येकानें घरच्या कामाची सबब सांगितली. पाळकसाहेबांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कुदळ खांद्यावर टाकली, एका विश्वासू गड्यास बरोबर घेतलें आणि कामास आरंभ केला. तें पाहून लोक एकामागून एक येऊन मिळाले. कामें वांटून देतांना सर्वांत कठीण व धोक्याची जागा ओबरलिन स्वतःकडे ठेवीत. हत्यारें पुरेनात, तेव्हां स्ट्रासबुर्गच्या मित्रांकडून त्यांनीं हत्यारें व पैसा मिळविला.

काम कच्चें झालें नाहीं. नदीकांठचा रस्ता पाण्यानें खालून पोखरला जातो. म्हणून फोडलेल्या खडकांचे मोठमोठे धोंडे रचून त्यास भिंतीचा आधार दिला. कुरणें बुडविणाऱ्या ओढ्यांस त्यांचें पाणी मावेल असे पाट काढून दिले. नदीवर पूल झाला, त्यास प्रीतीचा पूल हें नांव पडलें.

परंतु आम्हांस याहूनही मोलाची वाटते ती पुढील गोष्ट. ओबरलिन आपल्या मंडळीस लेखी प्रश्न देत. त्यांत उपासनेविषयीं व मुलांच्या शिक्षणाविषयीं प्रश्न असत; आणि रस्त्यांच्या दुरुस्तींतील आपला वांटा तुम्ही वेळेवर उचलतां काय, हाही प्रश्न त्यांच्याच रांगेंत असे. रस्ता एकदां बांधला म्हणजे झालें, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं.

सुमारें एकोणसाठ वर्षे त्याच मंडळीची सेवा करून ते १ जून १८२६ रोजीं प्रभूमध्यें झोंपीं गेले.

सेवकबंधूंनो, पावसाळ्यापूर्वीं रस्त्याकडेची नाली उपसणें, खड्डा लहान असतांच मुरूम घालून चोपणें, हीं कामें हलकीं समजूं नका. ज्या वाटेनें आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावें लागतें ती राखणें ही शेजाऱ्यावरील प्रीतीच होय. मंडळी येवो अथवा न येवो, पहिली कुदळ आपण उचलावी.