परतंत्र देशाचा दूत

१९३८ साली आपल्या देशाचे स्वतःचे परराष्ट्र खाते नव्हते, की परदेशात स्वतःचा राजदूत नव्हता. कोणाशी युद्ध करावे आणि कोणाशी मैत्री राखावी, हे लंडनमध्ये ठरत असे. अशा परतंत्र राष्ट्राने जगाच्या कारभारात भाग घ्यावा तो कसा? सोलापूरच्या एका तरुण डॉक्टराचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील परीक्षेची तयारी चालू असतानाच चीनची हाक आली.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर प्रचंड आक्रमण केले होते. जखमी अगणित आणि शस्त्रवैद्य मोजके, अशी तेथील स्थिती होती. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन करताच लोकांनी निधी जमविला. रुपयांत मोजली तर ही मदत अल्पच. परंतु ती पाठविली सरकारने नव्हे, तर हिंदी जनतेने, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून आले होते. नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि पाचवे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून जहाजाने निघाले. चीनमध्ये प्रत्येकाने आपल्या चिनी नावाला 'हुआ' हा शब्द जोडला. त्याचा अर्थ चीन.

येनानला जाण्याच्या सुमारास कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. तथापि ते पुढेच गेले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग तीन दिवस झोपेविना शस्त्रक्रिया केल्या. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांनी १९३९ मध्ये तेथेच प्राण ठेवला होता. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

त्याच वर्षी गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला, त्याचे नाव यिनहुआ : 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे बत्तीस होते.

पुढे १९६२ साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले. त्याची कटुता दीर्घकाळ टिकली. पण शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, जेथे बेथून यांनाही विसावा मिळाला आहे, तेथे सोलापूरच्या या डॉक्टराची समाधी चिनी लोकांनी जतन केली आहे.