न विचारलेल्या प्रश्नांचा डॉक्टर नसलेला डॉक्टर

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. मुलगा हुशार होता. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे गणित शिकून मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाला. संततिनियमनाविषयी उघडपणे बोलू लागल्यावर मात्र ती नोकरी सोडावी लागली.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. रघुनाथराव डॉक्टर नव्हते, पण विषयाचा अभ्यास त्यांनी गणितासारखाच काटेकोर केला होता. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. पदरमोड करून ते २६ वर्षे चालवले. त्यात वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरे दिली जात. शंका विचारणारे लोक मोठे होते, पण कित्येक शंका लहानपणीच मिटायला हव्या होत्या. स्वतःच्या शरीराला हात लावला तर आजार होतो का, शक्ती जाते का, अशी भीती अनेकांनी वर्षानुवर्षे बाळगलेली असे. हस्तमैथुनाने अपाय होत नाही, हे रघुनाथराव सरळ भाषेत सांगत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच उपाय आहे, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, दंड झाला, तरी मासिक थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले आणि त्याच वर्षी मासिकही बंद पडले.

त्यांच्या वाचकांची ती भीती आली कुठून? बहुधा घरातूनच. तीन-चार वर्षांच्या मुलाने आंघोळीच्या वेळी काही विचारले की त्याला गप्प बसवायचे, हात लागला की शी-शी म्हणून चापट मारायची. मूल एवढेच शिकते की शरीराचा हा भाग घाणेरडा आहे आणि त्याविषयी आईबाबांशी बोलायचे नाही. पुढे कुणी त्याला चुकीचा स्पर्श केला, तरी ते गप्पच राहते. धोका आहे तो इथे.

दोन ते सहा या वयात स्वतःच्या अवयवांना हात लावणे, मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक न्याहाळणे, बाळ कुठून येते हे विचारणे, बरोबरीच्या मुलांशी डॉक्टर-डॉक्टर खेळताना कपडे वर करून पाहणे, हे बहुतेक मुलांत दिसते. त्यात मोठ्यांच्या मनातला लैंगिक अर्थ नसतो. अशा वेळी न रागावता मुलांना कपडे नीट करायला सांगावे आणि दुसऱ्या खेळात गुंतवावे. अवयवांची नावे नाक-कानाच्या नावांइतक्याच सहजपणे शिकवावीत. विचारले तेवढेच, पण खरे सांगावे. बाळ आईच्या पोटात गर्भाशय नावाच्या पिशवीत वाढते, एवढे चार वर्षांच्या मुलाला पुरते.

लाज आणि खासगीपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चड्डीच्या आतला भाग वाईट नाही, तो आपला स्वतःचा आहे, म्हणून तो सगळ्यांसमोर उघडा करायचा नाही, असे मुलांना समजावता येते. आंघोळ घालताना किंवा शी धुताना घरातले ठरलेले माणूस, आणि तपासताना आईबाबांसमोर डॉक्टर, एवढ्यांनीच तिथे हात लावावा. असा स्पर्श कुणी गुपित ठेवायला सांगितला, तर ते लगेच आईबाबांना सांगायचे. हा नियम मोठ्यांनीही पाळावा. न्हाणीघराचे दार वाजवून आत जावे. पाहुण्याला पापी द्यायला मूल नको म्हणाले, तर आग्रह करू नये.

खेळात जबरदस्ती असेल, मुलांच्या वयात बरेच अंतर असेल, मूल वयाला न शोभणारी लैंगिक कृती करत असेल, तिथे दुखत असेल किंवा रक्त येत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अत्याचाराची शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मूल काही सांगू लागले तर आधी शांतपणे ऐकावे आणि चूक त्याची नाही हे त्याला सांगावे.

लोकांनी घरात न विचारलेल्या शंकांची उत्तरे देण्यासाठी रघुनाथरावांना मासिक काढावे लागले आणि कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या मुलाच्या शंकेला उत्तर द्यायला आपल्याला दोन मिनिटे पुरतात.