हाडाचा नियम मांडणारे ज्युलियस वुल्फ

मांडीचे हाड खुब्यापाशी उभे कापले, तर आत भरीव हाड दिसत नाही. दिसते ती बारीक तुळ्यांची जाळी. काही ठिकाणी ती दाट असते, काही ठिकाणी विरळ. ही दाटी आणि विरळता कशावरून ठरते, या एका प्रश्नामागे बर्लिनचे शल्यविशारद ज्युलियस वुल्फ यांनी तीस वर्षांहून अधिक काळ घालवला.

वुल्फ यांचा जन्म 1836चा, तेव्हाच्या पश्चिम प्रशियातला. बर्लिनमध्ये नामवंत सर्जन लांगेनबेक यांच्या हाताखाली ते शिकले. 1860 मध्ये डॉक्टर झाले तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्राण्यांमध्ये हाड कृत्रिमरीत्या तयार करण्याचा होता. पुढे प्रशियाच्या युद्धांत त्यांनी सर्जन म्हणून काम केले.

याच सुमारास झुरिखमध्ये एक योगायोग घडला होता. शरीररचनातज्ज्ञ हर्मन फॉन मेयर यांनी कापलेले हाड अभियंता कार्ल कुलमन यांच्या पाहण्यात आले. वाकड्या मानेच्या क्रेनवर ताण आणि दाब ज्या रेषांतून वाहतो, तशाच रेषा हाडातल्या तुळ्यांच्या आहेत, हे कुलमन यांच्या लक्षात आले. मेयर यांनी ते 1867 मध्ये प्रसिद्ध केले. वुल्फ यांनी हा धागा पकडला. हाडांचे पातळ काप करून त्यांनी जाळी बारकाईने तपासली आणि 1870 मध्ये आपला पहिला मोठा निबंध लिहिला. वाकडी जुळलेली आणि व्यंग असलेली हाडे पाहताना त्यांना आढळले, की भाराची दिशा बदलली की आतली जाळीही नव्याने रचली जाते. 1892 च्या ग्रंथात त्यांनी हे नियम म्हणून मांडले. वाकड्या पावलांच्या मुलांवर ते टप्प्याटप्प्याने प्लास्टर बदलत उपचार करत, त्यामागेही हाच विचार होता.

वुल्फ सगळीकडे बरोबर नव्हते. हाड पृष्ठभागावर थर चढून नव्हे, तर आतून फुगत वाढते, असा त्यांचा आग्रह होता. तो चुकीचा ठरला. गणिती रेषांशी जाळी तंतोतंत जुळते, हा दावाही पुढे टिकला नाही. पेशी हा बदल कसा घडवतात, हे तर त्यांना सांगता आले नव्हते. मात्र वापराप्रमाणे हाड घडते, हा गाभा टिकला.

1902 मध्ये बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. खुब्याचा कृत्रिम सांधा सर्रास बसवला जाऊ लागला, तो त्यानंतर अनेक दशकांनी. तेव्हा त्यांच्या नियमाची दुसरी बाजू समोर आली. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडाच्या कठीण कवचापेक्षा किमान पाचपट ताठर असतो. मांडीच्या हाडात ठोकलेला भरीव दांडा बराचसा भार स्वतःच पेलतो. भोवतालच्या हाडाला काम उरत नाही, ते झिजते आणि सांधा सैल होण्याचा धोका वाढतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया करायची, तर धरायला हाडही कमी उरलेले असते.

यावरचा आजचा एक उपाय वुल्फ यांनी पाहिलेल्या जाळीसारखाच आहे. धातूची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून जाळीदार रोपण छापले जाते. जिथे जास्त बळ हवे तिथे जाळी दाट ठेवतात, जिथे हाडाकडे भार सोपवायचा तिथे विरळ. हा बदल एकदम न करता हळूहळू करतात, कारण ताठरपणा अचानक बदलला की त्या सांध्यावर ताण साठतो आणि तडा जाऊ शकतो. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांत नवे हाड आणि रक्तवाहिन्या शिरतात. छिद्रे वाढवली की हाडाला जागा मिळते, पण धातूची ताकद घटते. चालताना वर्षाकाठी लाखो वेळा पडणारा भार या बारीक तुळ्यांना सोसायचा असतो, म्हणून दोन्हींचा मेळ घालणे हेच आराखडा करणाऱ्यांपुढचे खरे कोडे आहे.