ल्हासाला पायी गेलेले एक शाळामास्तर

थंडीच्या सुट्टीत आमची काही मुले शेजारच्या रेयुनियन बेटावर जातात आणि माफातच्या दऱ्याखोऱ्यांतून तीन-चार दिवस पायी हिंडून येतात. माफातला मोटाररस्ता नाही. लागेल ते पाठीवर न्यावे लागते. निघण्यापूर्वी मुले आम्हाला त्यांची यादी दाखवतात. बूट, तंबू, विजेरी, बिस्किटे, सगळे त्यात असते. पण तयारी म्हणजे नुसती यादी नव्हे. हे समजावे म्हणून आम्ही त्यांना पंडित नैनसिंग रावत यांची गोष्ट सांगतो. ती आज आपणा सर्वांसाठी येथे देत आहोत.

नैनसिंगांचा जन्म १८३० साली हिमालयाच्या कुशीत, कुमाऊँमधील मिलम गावी झाला. गावचे लोक उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. त्यामुळे तिबेटी भाषा आणि चालीरीती नैनसिंगांना लहानपणापासून ठाऊक होत्या. पुढे ते गावच्या सरकारी शाळेत मास्तर झाले. म्हणूनच लोक त्यांना पंडित म्हणू लागले.

त्या काळी तिबेटची दारे परक्यांना बंद होती. ल्हासा नगरी नकाशावर नेमकी कोठे दाखवावी हे इंग्रजांच्या मोजणी खात्याला ठाऊक नव्हते. गोरा माणूस तर लगेच ओळखू आला असता. तेव्हा खात्याचे अधिकारी कॅप्टन माँटगोमरी यांनी पहाडी माणसे पाठवायचे ठरवले. १८६३ साली नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना डेहराडूनला बोलावण्यात आले.

तेथे त्यांची जवळजवळ दोन वर्षे तयारी चालली. ताऱ्यांची उंची मोजून आपण कोणत्या अक्षांशावर आहोत हे काढायला ते शिकले. पाणी किती अंशांवर उकळते हे पाहून जागेची उंची ठरवायला शिकले. पण सर्वांत कठीण धडा चालण्याचा होता. चढ असो, उतार असो की सपाटी, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. सुमारे दोन हजार पावले झाली की एक मैल. असे चालणे अंगवळणी पडेपर्यंत सराव करावा लागला.

सामानही विचारपूर्वक तयार केले होते. आपल्या आजीच्या जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंगांच्या माळेत १०० होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. म्हणजे माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, सुमारे पाच मैल. बौद्ध यात्रेकरूंच्या हाती प्रार्थनाचक्र असते. त्यांच्या चक्रात मंत्राऐवजी मोजणीच्या नोंदींचे कागद होते. पेटीला चोरतळ होता आणि त्याखाली कोनमापक यंत्र होते. निरीक्षणासाठी लागणारा पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केला होता. तो लाकडी वाडग्यात ओतला की त्याचा आरसा होई. वाटेत कोणी जवळ येऊ लागले की पंडितजी चक्र फिरवत जप सुरू करीत. जप करणाऱ्याला कोण अडवणार?

१८६५ च्या मार्चमध्ये दोघे काठमांडूला पोहोचले. पण तिबेटच्या सीमेवर किरोंगच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. मणिसिंग तेथून माघारी वळले. नैनसिंगांनी मात्र लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेतला, खोटी वेणी लावली आणि पुन्हा वाट धरली. पुढे एका लडाखी तांड्याची सोबत मिळाली. नदीकाठी सोबतचे लोक होडीत बसले, तेव्हा पंडितजी काठाने चालत राहिले. होडीत बसले असते तर पाय वाचले असते, पण पावलांचा हिशेब तुटला असता.

शिगात्सेला पैसे संपत आले. तेव्हा मास्तरांची विद्या कामी आली. नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी पोट भरले. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. रात्री लपून ताऱ्यांची मापे घेत. ल्हासाचे स्थान आणि उंची त्यांनी प्रथमच मोजून ठरवली. तेथेच परवानगीविना आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद त्यांनी पाहिला. एके दिवशी किरोंगचा तोच अधिकारी रस्त्यात दिसला! पंडितजींनी बिऱ्हाड बदलले आणि बाहेर पडणे जवळजवळ थांबवले. दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले होते. पण त्या भल्या माणसांनी ते कोणाला सांगितले नाही. उलट घड्याळ ठेवून घेऊन पैसे दिले. केवढेही बुद्धिमान असलो तरी परक्या मुलखात अशा एखाद्या माणसाच्या भरवशावरच आपण परत येतो.

१८६६ च्या ऑक्टोबरअखेर ते डेहराडूनला परतले. सुमारे १२०० मैल, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख पावले त्यांनी मोजली होती. पुढल्याच वर्षी ते पश्चिम तिबेटातील सोन्याच्या खाणींकडे गेले. १८७४ साली लेहहून निघून ल्हासा आणि तवांगमार्गे १८७५ मध्ये आसामात उतरले. त्या वेळी सामान मेंढ्यांच्या पाठीवर होते, कारण मेंढ्या वाटेतच चरतात आणि चारा वाहून न्यावा लागत नाही. या श्रमांनी त्यांची दृष्टी मंदावली. १८७७ साली लंडनच्या राजेशाही भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. नंतर त्यांनी तरुण मोजणीदारांना शिकवले. भारत सरकारने २००४ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

एक गोष्ट आम्ही मुलांपासून लपवत नाही. हे काम इंग्रज राज्यासाठी झाले होते, आणि १९०४ साली इंग्रजांची फौज ल्हासात शिरली. नकाशा कोणाच्या हाती पडेल हे काढणाऱ्याच्या हाती नसते. मोठ्या वर्गांतील मुलांशी आम्ही यावर मुद्दाम चर्चा करतो.

पण त्यांच्या चिकाटीने आमचे मस्तक नमते. या वाटेसाठी त्यांनी जवळजवळ दोन वर्षे तयारी केली. म्हणून आमच्या मुलांना आमचे सांगणे असे, की सुट्टीपूर्वी महिनाभर रोज पाठीवर ओझे घेऊन चाला. घरापासून शाळेपर्यंत आपली पावले किती होतात ते मोजा. चढावर तीच पावले किती होतात तेही पाहा. दुकानातील सामान शेवटच्या आठवड्यातही घेता येते. पाय मात्र त्या आठवड्यात तयार होत नाहीत.