डाऊन हे एका डॉक्टरांचं आडनाव

‘डाऊन सिंड्रोम’ हा शब्द आता तालुक्याच्या दवाखान्यातही ऐकू येतो. हे डाऊन कोण, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जॉन लँग्डन डाऊन यांचा जन्म १८२८चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. वडिलांचं किराणा-औषधांचं दुकान. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मुलगा दुकानात बसू लागला. अठराएक वर्षांचा असताना घरच्यांबरोबर सहलीला गेला, पाऊस आला म्हणून सगळे एका झोपडीत शिरले. तिथं त्यांची ऊठबस करणारी मुलगी मतिमंद होती. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न त्याला सोडेना. पुढे तो लंडनला जाऊन डॉक्टर झाला आणि १८५८मध्ये अशाच मुलांच्या अर्ल्सवूडच्या संस्थेत रुजू झाला.

तिथं डाऊन यांनी मुलांना नीट पाहिलं. काही मुलं तर सख्खी भावंडं वाटावीत इतकी सारखी! चपटा, पसरट चेहरा, तिरके डोळे, जाड जीभ, सैल त्वचा. थंडीत ती खालावतात, बोलणं अस्पष्ट असतं पण सरावानं सुधारतं, नकला छान करतात, विनोदी असतात, हेही त्यांनी १८६६मध्ये लिहिलं. मला यातलं शेवटचंच जास्त मोलाचं वाटतं. चेहऱ्यावरून त्यांनी या मुलांना मंगोल वंशाचं नाव दिलं, ते मात्र चुकीचंच. आईबापांच्या क्षयामुळे असं होतं, हा तर्कही खोटा ठरला.

खरं कारण १९५९मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालं. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, या मुलांत बहुधा ४७. एकविसावं जोडीऐवजी तीन! त्या शोधासाठी प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या होत्या मार्थ गोतिए या डॉक्टर बाईंनी. संस्थेच्या कामानं मी घरोघरी जाते, तेव्हा सुनेनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे अजून ऐकते. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही हो! आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते खरी, पण मूल तरुण आईलाही होतं.

१८६८मध्ये डाऊन यांनी पत्नी मेरीसह टेडिंग्टनला ‘नॉर्मन्सफील्ड’ काढलं. घर, माणसं, हिशेब मेरी बघायची. मुलांना स्वतः जेवायला, कपडे घालायला शिकवत. १८७९मध्ये तर तिथं नाट्यगृह बांधलं!

१८९६मध्ये डाऊन गेले. मुलगा रेजिनाल्डही डॉक्टर झाला. अशा काही मुलांच्या तळहातावरची एकच आडवी रेघ त्यानं टिपली. १९०५मध्ये त्यालाही मुलगा झाला, जॉनच नाव ठेवलं. त्या नातवालाही डाऊन सिंड्रोम होता.