तुकोबांचे चरित्र आणि त्यांची रूढ प्रतिमा

तुकोबा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीस उभे राहतात. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' हा प्रभातचा १९३६ सालचा बोलपट कलाकृती म्हणून थोर आहे, याविषयी दुमत नाही. परंतु व्यवहाराचा गंध नसलेल्या भोळ्या भक्ताची जी प्रतिमा त्याने घरोघर रुजवली, ती आपल्या वर्गांतील व्याख्यानांतही नकळत शिरते. या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले, यावरून त्या प्रतिमेचे सामर्थ्य लक्षात यावे. तेव्हा चरित्रातील काही तपशील पुन्हा मांडणे अगत्याचे आहे.

तुकोबांचा जन्मशक विवाद्य असला तरी इ. स. १६०८ हे साल सामान्यतः स्वीकारले जाते. देहूचे मोरे घराणे कुणबी, पण दरिद्री मुळीच नव्हे. त्यांच्याकडे पेठेची महाजनकी होती; शेती, दुकानदारी आणि सावकारी होती, शिवाय घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ होते. वडील बोल्होबा थकले तेव्हा थोरल्या सावजीने संसारात लक्ष घातले नाही, म्हणून व्यापाराचा भार वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षाच्या सुमारास मधल्या तुकोबांवर आला. म्हणजे या घरातील उपजत विरक्त पुरुष सावजी होता. तुकोबा हे वहीखाते सांभाळणारे. आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनास निघून गेला, तरी दुकान चालूच होते.

हे सारे उलथले ते १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात. दख्खनच्या त्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली, मुलगा संतोबाही गेला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. आत्मचरित्रपर अभंगांत तुकोबांनी हा क्रम स्वतःच सांगितला आहे: शूद्र कुळातील जन्म, व्यवसाय, मातापित्यांचा वियोग, दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, लोकांत झालेली फजिती आणि मग पडक्या देवळाचा जीर्णोद्धार. त्या निवेदनात हळहळ आहे, लाज आहे. जन्मजात वैराग्याचा दावा मात्र कुठेही नाही.

याच काळातील एक गोष्ट परंपरा सांगते. धाकट्या कान्होबाबरोबर घराच्या कर्जखतांची वाटणी झाली. कान्होबाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. हे कृत्य भोळेपणाचे म्हणता येईल काय? दुष्काळानंतर कुळांच्या उरावर त्या कागदांचे ओझे किती असते, हे महाजनाच्या मुलाइतके कोणाला ठाऊक असणार! आपल्याच उत्पन्नाचे साधन त्याने समजून-उमजून बुडवले. त्यांच्या अभंगांत भांडवल, नाणे, माप, पारख, तोटा हे शब्द वारंवार येतात, तेही या अनुभवाच्या आधारावरच वाचले पाहिजेत.

जिजाईच्या वाट्याला तर याहून मोठा अन्याय आला. पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची ही कन्या कीर्तनांतून कजाग म्हणून रंगवली गेली. बोलपटातील गौरीची जिजाई त्या मानाने पुष्कळच माणुसकीची आहे. महिपतीने दिलेली एक कथा मात्र सहसा सांगितली जात नाही: जिजाईने स्वतःच्या नावे दोनशे रुपयांचे कर्ज काढून नवऱ्याला भांडवल दिले, त्याने नफाही मिळवला आणि वाटेत कर्जापायी गांजलेल्या एका माणसाला सारी रक्कम देऊन टाकली. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यात पत्नी बाजारात पत असलेली, नवरा व्यापारात यशस्वी. त्यानंतर ती संतापली असेल, तर तिला कजाग का म्हणावे?

भंडाऱ्यावरचे एकांतचिंतन आणि बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील अनुग्रह यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. विरोधाचे प्रकरण अधिक महत्त्वाचे. बोलपटाने तो विरोध बराचसा सालोमालो या मत्सरी खलपुरुषात एकवटला. हे नाव गाथेतलेच, पण वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप मत्सरातून आलेला नव्हता. शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगावा काय, हा तो प्रश्न होता आणि त्यामागे धर्मशास्त्राचे बळ उभे होते. वह्या डोहात बुडवणे ही एका व्यवस्थेची शिक्षा होती. खलपुरुष पुढे आला की ही व्यवस्था मागे सरते. पुढे रामेश्वर भट स्वतः तुकोबांचे अनुयायी झाले. शिऊरच्या बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने त्यांना गुरू मानले, आणि त्याबद्दल मंबाजीचा छळ तिलाही सोसावा लागला, हे तिच्या आत्मनिवेदनावरून कळते.

शके १५७१च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे १६५० साली, तुकोबा दिसेनासे झाले. जिजाई तेव्हा गरोदर होती. त्यानंतर जन्मलेल्या नारायणबाबाने १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. अभंग टिकले ते कीर्तनकारांच्या मुखात, आणि चाकणच्या संताजी जगनाडे या तेल्याने लिहून ठेवलेल्या वहीत.