त्रिकोणी पट्टीवाले डॉक्टर

शाळेत स्काऊट-गाईडमध्ये किंवा कॉलेजात एनसीसीत असलेल्यांना ती पांढरी त्रिकोणी पट्टी नक्की आठवत असेल. एकाने जखमी व्हायचं, दुसऱ्याने त्याचा हात झोळीत बांधायचा, आणि गाठ रीफ नॉटचीच हवी म्हणून सरांनी ती दोनदा सोडायला लावायची! ही पट्टी साध्या शिपायाच्या हाती पोचवली ती जर्मन सर्जन फ्रीडरिख एस्मार्ख यांनी.

त्यांचा जन्म ९ जानेवारी १८२३ चा, श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या ट्योनिंग गावचा. वडील डॉक्टर. हा मुलूख तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. १८४८ मध्ये तिथे उठाव झाला, तेव्हा तरुण एस्मार्ख उठाव करणाऱ्यांच्या सैन्यात गेले आणि डॅनिश सैन्याच्या कैदेतही पडले. सुटका झाल्यावर पुन्हा जखमींची सेवा. १८५७ मध्ये ते कील विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण १८६४, १८६६ आणि १८७० च्या लढायांनी त्यांना जखमींपासून दूर राहू दिलं नाही.

या लढायांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसत होती. सर्जन कितीही हुशार असो, जखमीला पहिला हात लागतो तो शेजारच्या शिपायाचा. डॉक्टरपर्यंत पोचायला कित्येक तास लागत, आणि मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणसाच्या हाती काही मिनिटंच असतात. बरं, शेजाऱ्याचा हात मायेचा असला तरी अडाणी. मळकं बोट जखमेत घालून गोळी चाचपायची, मोडलेला पाय आधार न देताच उचलायचा, की हाडाचं टोक कातडी फोडून बाहेर! म्हणून काय करावं याइतकंच काय करू नये हेही शिकवायला हवं, असा एस्मार्ख यांचा आग्रह होता. मला तर त्यांचं खरं मोठेपण इथेच वाटतं.

१८६९ मध्ये त्यांनी रणांगणावरच्या पहिल्या पट्टीवर पुस्तिका लिहिली. रुमालासारख्या कापडाने जखमा बांधण्याची कल्पना मुळात मेयर या स्विस डॉक्टरांची, त्यांच्या कितीतरी आधीची. एस्मार्ख यांनी त्या त्रिकोणी कापडावर चित्रंच छापली: डोकं, खांदा, हात, पाय, कुठे कशी बांधायची ते दाखवणारे जखमी सैनिक. वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी ही शिकवणी, शिवाय घडी करून खिशात मावणारी. मोडलेल्या पायाला फळी नाही? मग बंदूक किंवा तलवारीचं म्यान लावा आणि याच पट्टीने बांधा.

१८७३ मध्ये त्यांनी रबराची पट्टी आणली. ती बोटांकडून वर घट्ट गुंडाळत नेली की रक्त वर सरकतं, मग वरच्या बाजूला आवळून बांधलं की जवळजवळ रक्त न सांडता ऑपरेशन करता येतं. हाडांच्या डॉक्टरांना विचारा, ऑपरेशन थिएटरमध्ये ही पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. गंमत म्हणजे पँटचे रबरी गॅलिसही त्यांनी सुचवले होते. वेळ आली तर तेच काढून रक्तस्राव थांबवायचा!

१८८१ मध्ये लंडनला गेले असताना त्यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग पाहिले आणि १८८२ मध्ये कीलमध्ये सामान्य माणसांसाठी तसेच वर्ग सुरू केले. काही डॉक्टर नाराज झाले. अशाने गावोगाव वैदू तयार होतील, ही त्यांची भीती. ती अगदीच पोकळ नव्हती. पण एस्मार्ख यांनी मर्यादा स्पष्ट आखली होती: डॉक्टर आले की मदतनिसाचं काम संपलं. त्यांच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर केलं ते व्हिक्टोरिया राणीची मुलगी हेलेना हिने. एस्मार्ख यांची दुसरी पत्नी, राजकन्या हेन्रिएट, ही हेलेनाची नणंद. तेव्हा हा घरचाच मामला म्हणायचा.

२३ फेब्रुवारी १९०८ रोजी कीलमध्ये त्यांचं निधन झालं. आता सैनिकांना रबरी पट्टीऐवजी दांडी पिळून आवळायचा पट्टा देतात. तो एका हाताने स्वतःच्याच दुसऱ्या हातावर चढवण्याचा सराव प्रशिक्षणात करून घेतात आणि बांधल्याची वेळ लिहायला लावतात, कारण तो फार तास तसाच राहिला तर हातच गमवावा लागतो.